रंगवलेलं प्राचीन लाकूड: साफ करायचं की हातच लावायचा नाही?

निळावंती (धागाकर्ती)
सध्या प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या कबरीतल्या रंगीत पेटीबद्दल वाचतेय. कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या यादीतली २१ क्रमांकाची वस्तू. लाकडावर गेसोचा, म्हणजे खडूची पूड आणि सरस यांचा पातळ थर, आणि त्यावर चित्रं. झाकणावर शिकार, बाजूंवर लढाई, रथात राजा आणि घोड्यांच्या टापांखाली शत्रूंचा खच. ही पेटी तीन हजारांहून जास्त वर्षं अंधारात धडधाकट राहिली.

नोव्हेंबर १९२२ मध्ये कबर सापडली. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड ल्युकस आणि पुरातत्त्वज्ञ आर्थर मेस यांनी त्याच खोऱ्यातल्या, दुसरा सेती या राजाच्या कबरीत प्रयोगशाळा थाटली. पेटी साफ केली, वर सेल्युलॉइडचं द्रावण फवारलं. तीन-चार आठवड्यांत सांधे उघडायला लागले, गेसो फुगून सुटायला लागला. मग काय केलं, तर वितळलेलं पॅराफिन मेण ओतून सगळं एकजीव करून टाकलं!

मला हे वाचून कसंतरीच झालं. माझं मत सरळ आहे: रंगवलेल्या प्राचीन लाकडाला हात लावू नये. सापडलं तसं ठेवावं. 'साफसफाई'च्या नावाखाली जितकं नुकसान झालंय तितकं वाळवीनेही केलं नसेल. तुम्हाला काय वाटतं?

चिमटा
मेण म्हणजे गाडीला लावतात तेच का? मग पेटी मस्त चकाकली असेल :)

अर्धवट
पहिला नंबर हुकला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रसायनी
निळावंती, धागा आवडला, मत पटलं नाही. मी याच क्षेत्रात आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

'सापडलं तसं ठेवावं' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण कबरीचं दार उघडलं त्या क्षणी 'सापडलं तसं' संपलं. आतल्या हवेत दमटपणा होता आणि तो स्थिर होता. तिथून पेटी प्रयोगशाळेतल्या कोरड्या हवेत आली. लाकूड पाणी सोडतं तेव्हा ते आडव्या अंगाने आकसतं, उभ्या रेषेत फारसं नाही. वरचा गेसो मात्र आकसत नाही. खाली जागा कमी पडली की तो जाणार कुठे? उन्हात घातलेल्या पापडासारखा कडेने उचलला जातो आणि रंग त्याच्यावरच असतो. त्या आठवड्यात ल्युकस हात जोडून बसला असता तर आज आपण लढाईचं चित्र नाही, चाळणीतले रंगीत कपचे बघत असतो.

आज आम्ही मेण वापरणार नाही. ते गेसोत शिरलं की पूर्ण निघत नाही, रंग गडद दिसायला लागतात आणि वर धूळ चिकटते. पण त्या वेळी हाताशी जे होतं त्यात मेणाने पेटी वाचवली. 'अत्याचार' वगैरे म्हणणं अन्यायाचं आहे.

निळावंती
अत्याचार शब्द मी वापरलेला नाही हो. कसंतरीच झालं म्हटलंय.

रसायनी
वापरला नाहीत, पण ऐकू आला :)

सुतारपक्षी
रसायनीताईंनी लाकडाचं अगदी बरोबर सांगितलंय. आमच्या धंद्यात हेच पहिलं शिकवतात. फळी आडवी हलते, उभी नाही. म्हणून जुन्या दारांत दिला (चौकटीतली मधली फळी) खाचेत मोकळा ठेवायचे, ठोकून बसवायचे नाहीत. ठोकलात की पहिल्या उन्हाळ्यात चीर.

एक शंका. इजिप्तमध्ये चांगलं लाकूड होतं तरी का? वाळवंटात साग कुठला?

केंब्रिजकर
चांगलं लाकूड नव्हतंच. स्थानिक म्हणजे बाभळीच्या जातीतलं, झाऊ आणि तिकडचा उंबर. मोठ्या सरळ फळ्या हव्या तर लेबनॉनहून देवदार आणायचा, तो महाग. म्हणून जुन्या शवपेट्यांचं लाकूड फोडून नव्या करायचे. ठिगळं, भोकं, वाकडे सांधे सगळं लिंपून वर गेसो आणि चित्रकाम. बाहेरून राजेशाही, आत भंगार.

इथल्या, म्हणजे केंब्रिजच्या, फिट्झविल्यम संग्रहालयात नेसपावेरशेफित नावाच्या माणसाच्या शवपेट्या आहेत, इसवीसनापूर्वी सुमारे १००० च्या. सीटी स्कॅन केल्यावर आतली जोडाजोड दिसली. आणि आतल्या पेटीच्या झाकणावर बोटांचे ठसे आहेत! वरचं रोगण वाळायच्या आत कुणीतरी कारागिराने झाकण उचललं. ठसे कडेला आहेत, उचलताना बोटं जातात तिथेच. आता कल्पना करा, कुणी उत्साही माणसाने 'पिवळट डाग' म्हणून ते रोगण पुसलं असतं तर?

सुतारपक्षी
वाळायच्या आत उचललं म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं असणार. तीन हजार वर्षांत काही बदललं नाही बघा.

चिमटा
गिऱ्हाईक दारात *आडवं* असणार.

अर्धवट
हहपुवा! (हसून हसून पुरेवाट)

निळावंती
@केंब्रिजकर, ठशांचं वाचून अंगावर काटा आला. पण हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं ना? पुसू नका म्हणतेय तेच तर!

रसायनी
काय पुसायचं नाही हे कळण्यासाठीच अभ्यास लागतो, मुद्दा तिथे आहे. इजिप्तच्या एकविसाव्या घराण्याच्या काळातल्या शवपेट्यांवर पिस्ताच्या कुळातल्या झाडाची राळ लावायचे. ती पिवळी दिसते. काळाने आणखी पिवळी झाली हे खरं, पण ती मुळातलीच आहे, घाण नव्हे. काही पेट्यांवर तर काळाकुट्ट लेप ओतलेला सापडतो आणि खालची सुंदर चित्रं झाकली गेलेली असतात. पूर्वी लोकांना वाटायचं की हे काहीतरी सांडलंय, खरवडून काढा. पण तो लेप अंत्यविधीत मुद्दाम ओतलेला. तेल, राळ, मधमाशांचं मेण, डांबर असं मिश्रण. तो खरवडला तर विधीच पुसला.

भुईचाफा
म्हणजे आपल्या मारुतीच्या शेंदरासारखंच. थरावर थर. मग एके दिवशी कवच गळून पडतं, खालून भलतीच रेखीव मूर्ती निघते आणि गावात गर्दी!

ओसरीवरचे नाना
धागा वाचतोय. थोडं अवांतर, पण विचारून घेतो. आमच्या कोकणातल्या घरी देव्हाऱ्यात लाकडी गरुड आहे, हात जोडून बसलेला, वीतभर उंचीचा. आजोबांच्याही आधीचा. हिरवे पंख, लाल धोतर, आणि रंगाचे पोपडे सुटायला लागलेत. पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. सौ. म्हणते रिठ्याच्या पाण्याने पुसा, मुलगा म्हणतो अळशीचं तेल द्या, शेजारी म्हणतात पॉलिश मारून टाका. मी कोणाचं ऐकू?

रसायनी
नाना, कुणाचंच नका ऐकू! खाली सविस्तर लिहिते, तोवर गरुडाला पाणी दाखवू नका.

दर्यावर्दी
नानांचा गरुड बघून आमच्या गोव्यातल्या वाड्यावरच्या इगर्जीतला (चर्चमधला) सांत, म्हणजे संत, आठवला. जुनी लाकडी मूर्ती. दर फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) आधी कुणीतरी भाविक तेलरंगाचा डबा घेऊन यायचा आणि नवा हात मारायचा. गाल गुलाबी, ओठ लाल, झगा निळा. वर्षानुवर्षं. चेहरा इतका जाड झाला होता की पापण्या दिसेनात.

मग एक बाई आल्या, त्यांनी झग्याच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, टपाल तिकिटाएवढी 'खिडकी' उघडली. भिंग डोळ्याला लावून, शस्त्रक्रियेच्या सुरीने एकेक थर. निळा, त्याखाली दुसरा निळा, त्याखाली मळकट हिरवा आणि सगळ्यात खाली सोनं. सोन्याच्या वर्खावर रंग द्यायचा आणि मग तो टोकदार काडीने खरवडून नक्षीत सोनं उघडं करायचं, ही पद्धत पोर्तुगाल-स्पेनकडची. आमच्याकडच्या कारागिरांनी ती आपलीशी केली. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय बघा, असली कामं डोळ्यांसमोर येतील.

तर निळावंतीताई, तिथे 'हात लावू नका' म्हटलं असतं तर सोनं अजून डब्यातल्या रंगाखालीच असतं.

उंबरठा
पण मग त्या भाविकांचे थर कुणी काढायचे हे कोण ठरवणार? ते थरही इतिहासच आहेत की. शेंदूर इतिहास, ममीवरचा काळा लेप इतिहास, आणि गरीब बिचाऱ्या भाविकाचा तेलरंग तेवढा कचरा?

दर्यावर्दी
रास्त प्रश्न. आमच्याकडे यावर दोन रविवार भांडण झालं. शेवटी मागची खिडकी उघडी ठेवली आणि पुढचा चेहरा होता तसाच ठेवला. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आमी ह्याच तोंडाक मागणें घालत आयल्यांव.

उंबरठा
हे आवडलं.

भुईचाफा
उंबरठा यांच्या मुद्द्यावर जगन्नाथपुरी आठवलं. तिथे देव लाकडाचेच, रंगवलेले. स्नानपौर्णिमेला १०८ घड्यांनी स्नान होतं, रंग धुऊन जातो, मग देव 'आजारी' पडतात आणि पंधरवडाभर दर्शन बंद. त्या काळात परत रंगवतात आणि रथयात्रेला ताजेतवाने बाहेर येतात. शिवाय काही वर्षांनी नवकलेवर. लाकूडच नवं. १९९६ आणि २०१५ला झालं. जतनाच्या शास्त्राने याला काय म्हणायचं?

रसायनी
नमस्कार म्हणायचं :) तिथे वस्तू टिकवायची नाहीये, परंपरा टिकवायची आहे, आणि ती परंपरा टिकवणारे लोक हयात आहेत. इजिप्तच्या पेटीसाठी पुन्हा तसाच घोडा काढून देणारा चित्रकार नाही. गेला तो रंग गेला.

आता नानांसाठी. प्राचीन वस्तूसाठीही क्रम हाच असतो, फक्त हत्यारं महाग.

आधी बघणं. बाजूने तिरपा उजेड टाका, म्हणजे कुठले पोपडे उचललेत ते सावलीवरून कळतं. संग्रहालयात यापुढे अतिनील आणि अवरक्त छायाचित्रं घेतात. इजिप्तचा निळा रंग तर विलक्षण आहे. त्याच्यावर साधा प्रकाश टाकला की तो अवरक्तात स्वतः चमकतो. डोळ्यांना जिथे करडं काहीतरी दिसतं तिथे कॅमेऱ्यात पांढराशुभ्र केसांचा टोप उजळून निघतो. निळा उरलाय हे साफ करायच्या *आधी* कळतं.

मग, सुटणारा रंग आधी बसवायचा आणि नंतर धूळ काढायची. उलट केलंत तर धुळीबरोबर रंग जातो. पोपड्याच्या मागे बारीक कुंचल्याने थेंबभर चिकटद्रव सोडतात. स्टर्जन माशाच्या हवेच्या पिशवीचा सरस, सेल्युलोजची एक जात किंवा पॅरालॉइड बी-७२ नावाची अॅक्रिलिक राळ. ही राळ पुढे कधी काढायची झाली तर अॅसिटोनमध्ये विरघळते. वर जपानी कागदाचा तुकडा ठेवून हलका दाब. कागद इतका पातळ की खालचं चित्र दिसतं.

मग कोरडी साफसफाई. मऊ कुंचला एका हातात, व्हॅक्यूमची नळी दुसऱ्या हातात, नळीच्या तोंडाला मलमल बांधलेली. नळी वस्तूला लावायची नाही. कुंचल्याने धूळ तिच्याकडे ढकलायची. बऱ्याच वेळा काम इथेच थांबतं आणि थांबायला हवं.

ओलं काही करायचंच असेल तर चाचणी. बांबूच्या काडीवर कापूस गुंडाळायचा, द्रवात बुडवून टिपकागदावर जवळजवळ कोरडा करायचा, आणि रंगावरून *घासायचा नाही, लाटायचा*. एक वळसा. मग बोळा भिंगाखाली. राखाडी आला तर धूळ. जरासा जरी तांबूस किंवा पिवळा आला तर हात मागे. आणि हे प्रत्येक रंगासाठी वेगळं. लाल टिकला म्हणून काळा टिकेल असं नाही. इजिप्तच्या रंगांत बांधणी म्हणून झाडाचा डिंक किंवा सरस असतो, दोन्ही पाण्यात विरघळणारे. साध्या ओल्या फडक्याने तीन हजार वर्षं एका मिनिटात पुसली जातात. पिवळ्यात हरताळ असेल तर ते आर्सेनिक आहे, हातमोजे हवेत.

नाना, गरुडाचं: रिठा नाही, तेल नाही, पॉलिश मुळीच नाही. तेल आत मुरतं, काळं पडतं आणि परत निघत नाही. देव्हाऱ्यात समई आणि उदबत्ती त्याच्यापासून दूर सरकवा. बाहेरच्या भिंतीला टेकून असेल तर बोटभर पुढे घ्या, हवा खेळली पाहिजे. बुरशी ओली असताना पुसू नका, पसरते. पाऊस सरून ती वाळली की वर सांगितलं तसं कुंचला आणि नळी, नाकाला मास्क. उन्हात ठेवून वाळवू नका, पेटीचं झालं तेच होईल. खाली पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. मग तज्ज्ञच गाठा. प्राणवायू काढून घेतलेल्या हवाबंद पिशवीत काही आठवडे ठेवून ती मारतात, रंगाला धक्का न लावता.

ओसरीवरचे नाना
अनेक आभार रसायनीताई. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, रिठा मी सुचवला होता हे लिहायची काही गरज होती का?

चिमटा
नाना, आज जेवण बाहेर :)

अर्धवट
कुठेतरी वाचलं होतं की संग्रहालयात थुंकी लावून साफ करतात. खरं की व्हॉट्सअॅप?

रसायनी
खरं! थुंकीतल्या अमायलेजमुळे मळ सुटतो. पोर्तुगीज संशोधकांनी १९९० मध्ये त्यावर रीतसर निबंध लिहिला आणि २०१८ला त्यांना रसायनशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर वाटणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. तेलचित्रावर, वर्खावर चालतं. इजिप्तच्या डिंकाच्या रंगावर नाही, कारण शेवटी थुंकी म्हणजे पाणीच.

चिमटा
म्हणजे साहेबाची थुंकी झेलणारे आमच्या ऑफिसातले सगळे जतनतज्ज्ञ निघाले.

केंब्रिजकर
हौशी जतनतज्ज्ञांवरून आठवलं. स्पेनमध्ये एस्तेया गावातल्या चर्चमध्ये सोळाव्या शतकातला लाकडी, रंगवलेला सेंट जॉर्ज होता. २०१८ मध्ये एका हस्तकला शिकवणाऱ्या व्यक्तीकडून तो 'ताजा' करून घेतला. चेहरा प्लास्टिकच्या खेळण्यासारखा गुलाबी. जगभर हसं झालं. मग तज्ज्ञांनी तो लेप उतरवला, खर्च सुमारे ३० हजार युरो. आणि मूळ रंगातला काही भाग कायमचा गेला तो गेलाच.

अर्धवट
तुतनखामेनच्या मुखवट्याची दाढी पण चिकटवली होती ना एपॉक्सीने?

केंब्रिजकर
हो, २०१४. पुढच्या वर्षी जर्मन तज्ज्ञांनी ते एपॉक्सी काढून दाढी परत बसवली. आणि कशाने बसवली? मधमाशांच्या मेणाने!

निळावंती
मेण पाठ सोडत नाही वाटतं.

उंबरठा
लाकूड टिकत नाही असं गृहीत धरून सगळे बोलताय म्हणून एक नोंद: कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आहेत, स्तूपावरची छत्रीही लाकडी. मावळातल्या पावसात! वाळवंट लागतंच असं नाही.

सुतारपक्षी
साग आहे तो. आणि डोंगराच्या पोटात, आत पाऊस नाही, ऊन नाही. कबरीसारखंच की.

भुईचाफा
नानांना कायद्याचं कुणी सांगितलं का? शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू १९७२च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते. घरात ठेवायला आडकाठी नाही, पण परदेशी नेता येत नाही आणि काही प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. मुलगा अमेरिकेत असेल तर बॅगेत टाकून देऊ नका.

ओसरीवरचे नाना
मुलगा चिपळुणात आहे. पण माहितीबद्दल धन्यवाद. गरुड भिंतीपासून पुढे घेतला. मागे भिंतीवर त्याच्या आकाराचा ओलाव्याचा डाग निघाला! दुरुस्तीसाठी कुठे न्यावा? मुंबई जमेल.

रसायनी
डाग निघाला म्हणजे निम्मं निदान झालं, आधी ती भिंत बघा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला जतन केंद्र आहे, २००८ पासून. आधी फोटो पाठवून विचारा. नेताना पोपड्यांवर कापूस लावू नका, तंतू अडकून रंग उचकटतो. खोक्यात असा बसवा की रंगवलेल्या भागाला काहीच टेकणार नाही, तळाला आणि चौथऱ्यालाच आधार.

निळावंती
मूळ प्रश्नाकडे येते. 'हात लावू नये' हे मागे घेते, 'घाईने हात लावू नये' इथपर्यंत आले. पण मेणाचं काय? आता ते काढतात की राहू देतात? का आणखी शंभर वर्षांनी कुणीतरी आजच्या पॅरालॉइडबद्दल असाच धागा काढणार?

रसायनी
काढतील, खात्रीने :)

मेणाचं सरसकट उत्तर नाही. वर साचलेलं, धूळ धरलेलं मेण काढतात. हलकी ऊब किंवा मेण विरघळवणारं पेट्रोलियमच्या जातीचं द्रावक, आणि ते शोषून घ्यायला कागद. पाणी नसल्यामुळे डिंकाचा रंग त्यातून वाचतो. पण गेसोत मुरलेलं मेण आता सांगाड्याचं काम करतंय. ते ओढून काढलं तर रंग कशावर उभा राहणार? ते राहू देतात. म्हणजे १९२२ नंतरच्या त्या घाईत ल्युकसने जे केलं ते आता त्या वस्तूंचाच भाग झालंय.

उलट बाजूचंही उदाहरण देते. तुतनखामेनची सगळ्यात बाहेरची सोनेरी लाकडी शवपेटी कबरीतच राहिली होती. ती जुलै २०१९ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढून गिझाच्या नव्या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत नेली, तेव्हा गेसोला भेगा पडून वर्ख सुटत होता. ती 'सापडली तशी' ठेवली होती बरं का, जवळजवळ शंभर वर्षं. त्या प्रयोगशाळेत रथ आणि पलंगांवर जपानी तज्ज्ञांनीही इजिप्शियन सहकाऱ्यांबरोबर काम केलंय.

उंबरठा
हा शेवटचा दाखला धाग्याच्या सुरुवातीलाच टाकला असता तर नव्वद टक्के वाद टळला असता.

अर्धवट
आणि आम्ही काय वाचलं असतं?

निळावंती
पुढच्या हिवाळ्यात जायचा विचार चालू आहे. आता कबरीतला सगळा ऐवज, पाच हजारांहून जास्त वस्तू, त्या नव्या संग्रहालयात एकत्र मांडलाय म्हणतात. कुणी ते पूर्ण उघडल्यावर, म्हणजे नोव्हेंबर २०२५ नंतर, जाऊन आलंय का? एक दिवस पुरतो का?

केंब्रिजकर
मी अजून गेलो नाही, पण जाऊन आलेल्या मित्राचा सल्ला: तुतनखामेनसाठी सकाळ राखून ठेवा, बाकीचं दुपारनंतर. आणि छोटी दुर्बीण न्या. काचेच्या पलीकडच्या बारीक चित्रांसाठी फार उपयोगी पडते.

चिमटा
आणि रुमाल खिशातच ठेवा. काच पुसायचा मोह होईल.